माझं पोट कोणी बांधलं

हे मी मराठीत लिहून राह्यली, त्याले कारण आहे. आमचं बालाघाट मध्य प्रदेशात, म्हणून माझी शाळा हिंदीत झाली, माझा इलाज हिंदीत झाला, गोळ्या कवा घ्यायच्या अन् कोणत्या कुशीवर झोपायचं तेही मले हिंदीतच सांगितलं. पण भांडण झालं ते मराठीत. अन् हे मुख्यतः भांडणाचं लिखाण आहे. ज्याले यातून आजारपणाचं काही कामी पडन, त्यानं तेवढं वेचून घ्यावं. बाकीचं मी माझ्या रागासाठी लिहून राह्यली.

थोडक्यात असं, का माझं सीजर झालं, टाके पिकले, पोट पुन्हा उघडावं लागलं, अन् ते उघडं पोट रोज धुवून धुवून आतून भरत आणावं लागलं. त्या काळात माझी लेक माझ्याजवळ नव्हती. जखमेपेक्षा मले ते जास्त दुखलं. जखमेले निदान गॉज लावता येते.

आईची कीर्ती

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माझं सासर वारासिवनीले, नवऱ्याचं तिथं मोबाइलचं दुकान आहे. माहेर राजेगावच्या रस्त्यावरचं एक गाव. सातवा लागला तशी मी माहेरी आली.

आमच्या गावात माझ्या आईले लोक बाळंतपणासाठी ओळखतात. ती सुईण नाही, बाळंतपण काढत नाही. पण बाळंतीण घरी आली का तिले शेकायचं, माखायचं, धुरी द्यायची अन् मुख्य म्हणजे तिचं पोट बांधायचं, हे काम आईचं. जुन्या लुगड्याची घडी करून ती असं आवळून बांधते का बाई म्हणते, "मावशी, श्वास तर घेऊ द्या." अन् आई म्हणते, "श्वास घ्यायले जन्म पडला आहे. पोट बसवायले सव्वा महिनाच भेटते." सव्वा महिना झाला का पोरीच्या सासरचे येतात अन् आईले लुगडं देतात. चार बायांसमोर, कुंकू लावून. आईच्या पेटीत हे असे लुगडेच लुगडे आहेत. विचारलं तर कोणतं कोणाच्या बाळंतपणाचं, हे ती न अडखळता सांगते. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं, "माझ्या हातचं एकही बाळंतपण बिघडलं नाही."

आता अशा बाईच्या सख्ख्या पोरीचं सीजर झालं. पोटातलं पाणी कमी झालं होतं, बालाघाटच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनं म्हटलं, थांबायचं नाही. लेक झाली, चांगली धडधाकट झाली, रडलीही अशी का बाहेर बसलेल्या राकेशले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, ऐकू गेलं. पण गावातल्या बाया मले पाहायले आल्या तं म्हणत काय, "सीजर म्हणजे काय बाळंतपण आहे का वं? झोपली अन् उठली." मी उठू शकत नव्हती, नाहीतर एकेकीले दाखवलं असतं.

आईले ते लागलं. मले वाटते तिथूनच सगळं बिघडलं.

दवाखान्यातून सुट्टी देताना मॅडमनं साफ सांगितलं होतं. टाक्यावर काही बांधायचं नाही, शेकायचं नाही, हवा लागू द्यायची. आई माझ्या बाजूले उभी राहून "हौ, हौ" करत होती. घरी आलो, अन् संध्याकाळी खाटेखाली कोंड्याची शेगडी आली. त्यावर ओवा, शेपा टाकून धुरी. अन् पोटाले लुगडं.

मी म्हटलं, "अवं, मॅडमनं नाही म्हटलं ना."

"मॅडमनं किती पोट बसवले?" आई म्हणे. "तिनं कापले. बसवले मी."

 खरं सांगते, पहिले दोन दिवस बरंही वाटलं. उठताना पोट सांडून जाईन असं वाटत होतं, ते लुगड्यानं धरून ठेवलं. मग आतून ठणका लागला. मग ताप आला. आई म्हणे, "दूध उतरते तवा ताप येतेच." मी अजून एक गोधडी घेतली. शेगडीतला कोंडा रात्रंदिवस धुमसत होता, मी घामानं भिजून निघत होती, लुगडं ओलं होत होतं अन् आई त्यावरूनच अजून आवळत होती.

राकेश भेटायले आला. दारातच बसला, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नाही ना. नाक वर करून म्हणे, "ओव्याचा काय मस्त वास येऊन राह्यला." त्याले काय माहीत. मले काय माहीत. त्या ओव्यानं माझ्या पोटाचा वास झाकला होता. धुरी नसती तर दोन दिवस आधी कळलं असतं. हे मले नंतर सिस्टरनं सांगितलं, तवापासून मले कढीतला ओवासुद्धा चालत नाही.

तो दिवस

सकाळी आंघोळीसाठी आईनं लुगडं सोडलं, तर शेवटचा पदर सुटेना. चिकटला होता. ओढला तशी मी ओरडली. लुगड्यावर पिवळं पसरलं होतं, मधी मधी तांबूस. आईनं बोटं नाकाले लावली. तिचा चेहरा मी पाहिला. मग ती म्हणे, "घाम आहे."

घाम! मी तिथंच राकेशले फोन लावला.

तो गाडी घेऊन आला. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या पोटात गेला. बालाघाटात शिरलो तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी जात होती, संपतच नव्हती. लेक मांडीवर झोपलेली, मी तापानं थरथर कापून राह्यली, अन् आई खिडकीतून गाडीचे डबे पाहत बसली.  सासूबाई वारासिवनीहून सरळ दवाखान्यात आल्या होत्या.

टेबलावर झोपवलं. सिस्टरनं पाहिलं, मॅडमले बोलावलं. मॅडमनं टाक्याच्या एका टोकाले दाबलं अन् दुसऱ्या टोकातून भसकन बाहेर आलं. तो वास मी कोणाले सांगू नये, अन् सांगूही शकत नाही. पोटावर लुगड्याचे वळ उठले होते, आंधळ्यालेही दिसतील असे.

मॅडमनं विचारलं, "पेट किसने बाँधा?"

मी तोंड उघडलं. त्याच वेळी त्यायनं बोटानं टाका मोकळा केला, अन् माझ्या तोंडून फक्त किंकाळी निघाली. अन् डोक्याशी उभी असलेली माझी आई, माझी सख्खी आई, म्हणे, "इसनेच बाँधी, मॅडम. मैं तो नको बोली. सुनतीच नहीं."

मॅडम मले झापू लागल्या. पढ़ी-लिखी हो, अक्कल नाही का, बच्ची है तुम्हारी, मर जातीं तुम. सासूबाई ऐकत होत्या. राकेश ऐकत होता. मी टेबलावर रडत होती, अन् सगळ्यायले वाटलं ही दुखण्यानं रडून राह्यली.

नंतर मी राकेशले सांगितलं, "मी नाही बांधलं. आईनं बांधलं."

तो म्हणे, "प्रीती, जे झालं ते झालं. आता आईवर ढकलू नको."

अन् सासूबाई म्हणाल्या, "स्वतःची माय पोरीवर खोटं बोलन काय?"

  कोणाचीच माय असं बोलत नाही, म्हणून तर माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

उघडं पोट

ज्यायच्यावर ही वेळ येईन त्यायले आधीच सांगून ठेवते, जखम लगेच शिवत नाहीत. मले वाटलं, साफ करतील, टाके घालतील, झालं. मॅडम म्हणाल्या, वरून शिवलं तर घाण आत राहते. उघडी ठेवायची, धुवायची, ती बुडापासून भरत वर येईन. मी मान उचलून एकदा पाहिलं अन् पुन्हा आठ दिवस पाहिलं नाही. माझ्याच अंगात इतका मोठा खड्डा. माणूस स्वतःच्या आत पाहायले बनलेला नाही.

धुणं म्हणजे असं. सलाईनची बाटली, मोठी पिचकारी, कमरेखाली ट्रे. सिस्टर पिचकारीनं पाणी आत सोडते, ते कोपऱ्याकोपऱ्यातून फिरून पिवळं होऊन खाली पडते. मग पुन्हा. पाणी नितळ येईपर्यंत. मग ओली गॉजची पट्टी आत भरतात अन् वरून झाकतात. दुसऱ्या दिवशी ती पट्टी काढताना देव आठवते. मले देव नाही आठवला, मले आई आठवत होती, अन् चांगल्या अर्थानं नाही.

त्या दवाखान्याबद्दल माझ्या मनात काही प्रेम नाही. आयाबाई पैशाशिवाय शी-मुताचं भांडं उचलत नव्हती, शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर मोबाइलवर भजनं लावत होती, अन् राउंडले येणारा प्रत्येक नवा माणूस तेच विचारत होता, "तुमनेच बाँधा था ना?" माझं नाव तेच पडलं होतं. पण एक सिस्टर होती. धुवायच्या आधी ती सलाईनची बाटली आपल्या काखेत धरून उभी राहायची, गप्पा मारायची. मले वाटायचं, काय टाइमपास करून राह्यली ही. मग कळलं, ती बाटलीचा गारवा मोडत होती. थंडीचे दिवस होते, गार पाणी उघड्या जखमेत गेलं का पोटात गोळा येते. कोणी सांगितलं नव्हतं तिले. मी तिचे उपकार विसरणार नाही.

अन् लेक. मी भरती झाली तशी सासूबाई तिले वारासिवनीले घेऊन गेल्या. मॅडमनं म्हटलं होतं, दूध पाजलं तरी चालते, औषधं तशीच दिली आहेत, पू दुधात जात नाही. सासूबाईचं म्हणणं, "पू अंगात आहे, अन् दूधही अंगातलंच." डब्याचं दूध सुरू केलं. मले वाटलं, ठीक आहे, सुट्टी झाली का आणतील.

सुट्टी झाली. आणली नाही.

"जिनं डॉक्टरची गोष्ट ऐकली नाही," सासूबाईनं फोनवर सांगितलं, "स्वतःच्या हातानं पोट आवळून घेतलं, तिच्या हाती एवढंसं लेकरू कसं देऊ? काही कमी-जास्त झालं तं? आधी तू बरी हो."

मी त्यायले दोष दिला, खूप दिला, मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यायच्या जागी मी असती तर मीही हेच केलं असतं. म्हणूनच मले माझ्या आईचा इतका राग येत होता. तिनं एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक.

धुणं अन् भांडण

रोज बालाघाटले जाणं शक्य नव्हतं. त्या रस्त्यानं रोज गेलं असतं तर जखम भरायच्या ऐवजी फाटली असती. मॅडम म्हणाल्या, दोन दिवसाआड दाखवा, मधल्या दिवसांत घरी कोणी धुवू शकते का? घरी आई होती, दुसरं कोण! सिस्टरनं तिले समोर उभं करून शिकवलं, करून घेतलं, अन् आई एका पाहण्यात शिकली. मले त्याचाही राग आला.

तिची मोठी अडचण वेगळीच होती. पाणी. जन्मभर तिनं हेच सांगितलं, का जखमेले पाणी लागलं का पिकते. बाळंतिणीच्या टाक्याले पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही ती. अन् आता तिलेच पिचकारीनं पाणी आत सोडायचं होतं. पहिल्या दिवशी तिचे हात असे थरथरत होते का पाणी पोटाच्या ऐवजी माझ्या तोंडावर उडालं.

"माय वं, आंघोळ घालून राह्यली काय?" मी म्हटलं.

"हालू नोको."

"मी नाही हालून राह्यली. तू हालून राह्यली."

मग तिनं पाहिलं. तोवर तिनं जखम आतून पाहिलीच नव्हती. दवाखान्यात ती नेमकी त्या वेळी बाहेर जाऊन बसायची. आता दोन बोटांनी कडा धरून तिले आत पाहावंच लागलं.  पाणी सोडलं, टिपलं, पट्टी भरली. सगळं बरोबर केलं.

असं रोज. खोलीत शेगडी नाही, धुरी नाही, दारं-खिडक्या सताड उघड्या. साबणानं हात धुवायचे, उकळलेल्या भांड्यातून चिमटा काढायचा, अन् भांडायचं.

"राकेशले फोन लावून देते. तू फक्त सांग का मी बांधलं."

"पाय जरा वर घे."

"सांगशीन का नाही?"

"पट्टी काढून राह्यली, दात दाबून धर."

"तुह्या एका शब्दासाठी माझी लेक तिकडे बाटली चोखून राह्यली!"

"झालं, झालं. आता पाणी नितळ येऊन राह्यलं."

एक दिवस मात्र तिच्या तोंडून निघालं. मी तिचा हात झटकला होता, पिचकारी खाली पडली, पुन्हा उकळावी लागणार होती. ती चिडून म्हणे, "सांगतलं तर मले या गावात उद्या बलावन कोण? जन्मभर हेच केलं मी. दुसरं काय आहे माझ्याजवळ?"

"लुगडे आहेत ना पेटी भरून," मी म्हटलं. "तुले लुगडे पायजे. मले माझं लेकरू पायजे."

तिनं पिचकारी उचलली अन् चुलीकडे गेली. मी म्हटलं ते खरं होतं, मले त्याचं वाईट वाटलं नाही.

दूध आटू नये म्हणून मी दर दोन-तीन तासांनी वाटीत काढत होती. पाठ मोडायची, पोट ओढायचं. अन् ते दूध नालीत टाकू नये म्हणून आई ती वाटी घेऊन अंगणातल्या पपईच्या बुडाशी ओतायची. ते झाड असं फोफावलं का येणारे-जाणारे विचारायचे, खत कोणतं घालता. मी दार लावून घ्यायची.

संध्याकाळी राकेश व्हिडिओ कॉल लावायचा. लेक गुबगुबीत झाली होती. बाटली पाहिली का हात-पाय झाडायची. मले पाहून काहीच करायची नाही. मी "बाळा, बाळा" करायची अन् ती पंख्याकडे पाहायची. राकेश म्हणायचा, "नेट बरोबर नाही." बिचारा, तो आई अन् बायकोच्या मधात पिसला होता, हे मले आता समजते. तवा मी त्याले म्हटलं होतं, "तू दुकानातच बरा, निदान तिथं लोकायचे बिघडलेले फोन तरी दुरुस्त करते."

जखम मात्र भरत होती. पट्टी कमी कमी लागू लागली. एक दिवस धुताना लाल रक्त आलं, मी घाबरून गार पडली. म्हटलं गेलं सगळं पुन्हा मुळापासून. सिस्टरले फोन केला तर ती हसली. "लाल आना अच्छा है, अंदर नया मांस बन रहा है." आईनं ऐकलं अन् पदरानं तोंड पुसलं. मी दुसरीकडे पाहिलं.

बारसं

बारसं लांबलं होतं, शेवटी सव्वा महिन्याचंच धरलं. माझ्या माहेरीच, आमच्या अंगणात. माझी लेक माझ्या घरी पाहुणी म्हणून आली. सासूबाईच्या कडेवर, नव्या टोपड्यात. मी हात पुढं केले तर सासूबाई म्हणाल्या, "पोटाले लाथ मारन, बस तू खुर्चीवर." गावातल्या बाया जमल्या होत्या, पाळणा सजवला होता, आई स्वयंपाकाच्या अन् पाळण्याच्या मधात धावत होती. माझी जखम तोवर बोटाच्या पेरापुरती राहिली होती. मी खुर्चीवर बसून पाळण्याची दोरी पाहत होती. इतक्या जवळ, अन् मले हात लावता येत नव्हता.

नाव ठेवायच्या आधी मानपान. सासूबाईनं ताट आणलं. त्यात जांभळ्या काठाचं लुगडं, खण, नारळ. आईले पाटावर बसवलं. बाया सरसावून बसल्या, कारण हा आईचा क्षण, गावाले माहीत होता.

सासूबाईनं कुंकू लावलं अन् म्हणाल्या, "इहीनबाई, पोरीनं ऐकलं नाही, पण तुमी हात सोडला नाही. तुमी होत्या म्हणून उठून बसली. घ्या."

मले वाटलं आता उठावं अन् ते ताट उधळून द्यावं. पोटाले हात लावून मी उठायले लागली.

आईनं लुगड्याले हात लावला नाही. मांडीवर हात ठेवून बसली अन् म्हणे, "हे मी घेत नाही."

"काहून?" सासूबाईनं विचारलं.

"पोट मी बांधलं. शेगडी मी ठेवली. डॉक्टरीनबाई नाही म्हणत होती, प्रीती नाही म्हणत होती. मीच ऐकलं नाही. अन् दवाखान्यात पोरीवर ढकललं." मग म्हणे, "मले भेव वाटला."

 एका बाईच्या हातातली वाटी खाली पडली, तिनं उचललीही नाही.

सासूबाईचा चेहरा लाल झाला. "अवं मंग इतके दिवस? माझ्या हातून मायपासून लेकरू तोडवलं तुमी? मी त्या पोरीले काय काय बोलली..."

"हौ," आई म्हणे.

त्या "हौ"वर मी काही लिहू शकत नाही. सासूबाई अजून बोलत होत्या, राकेश भिंतीकडे पाहत होता, अन् मी पाळण्याजवळ गेली होती. कोणाले विचारलं नाही. लेकीले उचललं. पोटात कळ आली, येऊ दे म्हटलं. नाव ठेवायचं बाकी होतं, ते राहूनच गेलं. बिनानावाची पोरगी घेऊन मी खोलीत गेली अन् दार लोटलं.

सिनेमात असतं तर ती लगेच प्यायली असती. तिनं तोंड फिरवलं. तिले बाटलीची सवय, माझी ओळख नाही. ती किंचाळत होती, मी रडत होती, दूध माझ्या पदरावर सांडत होतं. दाराबाहेरून आईचा आवाज आला, "वाटीत काढ. चमच्यानं वरून थेंब थेंब सोड, तिच्या ओठावर येऊ दे."

"तू बोलू नोको माझ्याशी," मी आतून ओरडली.

अन् तेच केलं, जे तिनं सांगितलं. त्या दिवशी दोन-चार चोखे घेतले तिनं. मग कुठं पाच-सहा दिवसांनी खरी प्यायली, डोळे मिटून, माझं बोट धरून.

आता

जखम भरली. वर एक चुरगळलेली रेघ आहे, थंडीत खाजते. लेकीचं नाव नंतर घरातल्या घरात ठेवलं, सान्वी. सासूबाई आता माझ्याशी फार गोड बोलतात, त्याचाही मले कंटाळा येते. राकेशनं माफी मागितली. मी म्हटलं, विचार करते. अजून करून राह्यली.

ज्यायच्या घरी सीजरची बाळंतीण आहे त्यायले हात जोडून सांगते. टाक्याले वास आला, पाणी सुटलं, ताप आला तर धुरी घालू नका, गाडी काढा. "दुधाचा ताप" म्हणून गोधडी पांघरू नका. जखम घरी धुवायची का नाही, हे डॉक्टरलेच विचारा, मनानं पाणी घालू नका अन् मनानं हळदही भरू नका. अन् पोट दाखवताना कोणी बांधलं विचारलं, तर ज्यानं बांधलं त्यानं सांगा. ते औषधापेक्षा कमी नाही.

गावात आईले बोलावणं कमी झालं आहे. काही घरी अजून बोलावतात. ती जाते, अन् पहिला प्रश्न विचारते, "सीजर का साधं?" सीजर म्हटलं तर नुसती लेकराले माखून परत येते.

एकदा मी तिले विचारलं, "बारशाले सांगतलं, तर तवाच काहून नाही सांगतलं?"

ती धुतलेल्या कपड्यायच्या घड्या करत होती. म्हणे, "तवा मी तुही जखम पाहिली नोती. नुसता वास आला होता. वासाले माणूस काहीही नाव देते. मंग रोज आत पाहावं लागलं."

उत्तर चांगलं आहे. पण मले पुरत नाही, अन् मी तिले तसं सांगितलं. ती म्हणे, "नोको पुरू देऊ." मी अजून तिच्यावर रागावली आहे, अन् तरी दर महिन्याले लेकीले घेऊन जाते. दोन्ही खरं आहे.

मागच्या वेळी गेली तर तिनं पेटीतून ते काढलं होतं, ज्यानं माझं पोट बांधलं ते लुगडं. धुवून, उकळून, वाळवून. मले वाटलं, आता हे काय दाखवून राह्यली. तिनं एक टोक दातात धरलं अन् टर्रकन फाडलं. पुन्हा घडी, पुन्हा फाडलं. पाहता पाहता त्याचे लंगोट झाले, मऊ, चौकोनी, गठ्ठाभर.

ते लंगोट मी वारासिवनीले घेऊन आली. माझी लेक त्यावर रोज मुतते, अन् दर वेळी बदलताना मले लय समाधान वाटते.